पांढऱ्यात निळ्याचा थेंब

आमच्या हमरापुरात कारखाना म्हटला की तो गणपतीचाच. रोह्याला असते ती कंपनी. मी सकाळी घरच्या कारखान्यातून निघते, रोह्याच्या कंपनीत जाऊन दिवसभर रसायनांची तपासणी करते, आणि या दोहोंच्या मध्ये गाडीत जो वेळ मिळतो त्यात ब्लॉग लिहिते. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. मालगाडीला वाट द्यायला आमची गाडी कुठेतरी आडरानात उभी राहते तेव्हा डब्यातले लोक चरफडतात. मी नाही चरफडत. माझे निम्मे लेख कासूच्या अलीकडे थांबलेल्या गाडीत लिहून झालेत.

ब्लॉगाचा विषय विज्ञान, पण आपल्या अंगणातलं. धूमकेतूला शेपूट कशाने येते, बरणीतलं मीठ पावसाळ्यात ओलं का होतं, अमावास्येचं उधाण बांधावर का चढतं, डोलवीच्या पोलादाच्या भट्टीचा उजेड ढगांवर तांबडा का दिसतो, असलं. सुरुवातीला वाचक कोण? मी, माझी कॉलेजातली मैत्रीण, आणि कुठलासा एक भला माणूस, जो प्रत्येक लेखाखाली ‘छान माहिती’ एवढंच लिहायचा. धूमकेतूवर लिहिलं तरी छान माहिती, बुरशीवर लिहिलं तरी छान माहिती. मला त्याचा रागच यायचा. अरे बाबा, वाचतोस की नुसती हजेरी लावतोस?

खरे वाचक मिळाले ते माझ्याच घरात, तेही माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. कारखान्यात घासकामाला गावातल्या बायका येतात. साच्यातून निघालेल्या मूर्ती काचपेपरने घासायच्या, दिवसभर तेच. हात गुंतलेले, कान मोकळे. जाऊबाईंनी एकदा गंमत म्हणून माझा लेख फोनला वाचायला लावला. फोनमधली बाई असं काही मराठी बोलली की बायकांनी हातातल्या मूर्ती खाली ठेवून हसून घेतलं. मग जाऊबाई स्वतःच वाचायला लागल्या आणि तो पायंडाच पडला. संध्याकाळी मी घरी आले की चप्पल काढायच्या आधी माझी हजेरी घेतली जायची. हे आज काय लिवलंस, काय पण कळला नाय. कालचा मिठाचा बरा होता. एवढे कडक संपादक कुठल्या वर्तमानपत्राला मिळत नसतील. त्यांना कळत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय, हे मी चडफडत का होईना शिकले.

खिडकीशी माझे सासरे बसायचे. घरात आणि गावात त्यांना सगळेच बाबा म्हणतात. बाबा आखणी करतात, म्हणजे गणपतीचे डोळे. मूर्ती कोणीही ओतो, कोणीही घासो, अंगाला रंग कोणीही मारो, डोळे उघडायचं काम एकाच माणसाचं. बाबा डाव्या हाताने मूर्तीची मान धरतात, उजव्या हाताची करंगळी तिच्या गालावर टेकवतात, श्वास रोखतात आणि पापणीची रेघ एका दमात ओढतात. त्या वेळी कारखान्यात कोणी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी आपोआप गप्प झाले होते. ते पाहून माझ्या नवऱ्याच्या मनात बऱ्याच आशा पालवल्या होत्या. त्या लवकरच मावळल्या.

ब्लॉगाचं वाचन चालू असताना बाबा आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून बसायचे. पण ऐकायचे सगळं. लेख पटला तर एकदा खाकरायचे, नाही पटला तर दोनदा. जाऊबाई मला अभिप्राय कळवायच्या, आज एकदाच खाकरले गो. त्या दिवशी माझं जेवण जास्त जायचं.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना त्या वर्षी गणपती झाल्यावर मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. बरीच वर्षं आमचा माल उचलणारा माणूस, बोलायला गोड. त्याने आडून आडून सुरुवात केली, पावसाचं विचारलं, तब्येतींचं विचारलं, आणि मग म्हणाला की गिऱ्हाईकं बोलतात, गणपतीच्या डोळ्यांतलं पांढरं निळसर वाटतं. मागच्या वर्षी थोडं होतं, यंदा फारच. माझ्या दिरांनी ते बाबांना सांगितलं आणि घरात वादळ झालं.

बाबा म्हणाले, रंगच भेसळीचा. दुकान बदललं. दुसरा रंग आणला, तोही भेसळीचा निघाला. तिसरा आणला. पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब टाकायचा, म्हणजे डोळा जिवंत दिसतो, ही त्यांची तरुणपणापासूनची रीत. पण हल्लीचा रंग बाटलीतूनच पिवळट येतो, एका थेंबाने भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. इकडे व्यापाऱ्याने निरोप पाठवला की शिमग्यानंतर नमुने बघायला येतो, आणि पुढच्या सीझनला मूर्ती तुमच्याच घेतो, फक्त डोळे शेजारच्या आळीतल्या तरुण पोराकडून काढून घ्या. यावर बाबा जे बोलले ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

“माझ्या कारखान्यात दुसऱ्यानं डोळा काढला, तर मी ब्रश धरायचा नाय. परत कधीच नाय.”

हा माणूस बोलेल ते करणार, हे आम्हांला पक्कं ठाऊक. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा तेरावं झाल्यावर ते पहिल्यांदा खिडकीशी जाऊन बसले होते, आणि डोळे काढता काढताच माणसांत आले होते. तो ब्रश गेला तर ते काय करतील याचा विचार मला करवेना. मला त्यांची फार काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की मी चिडते, त्यामुळे त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

शेवटी तिन्ही रंग छोट्या बाटल्यांत भरून कंपनीत नेले. साहेबांना विचारून जेवणाच्या सुटीत ते पांढरा म्हणजे किती पांढरा हे ठरवणाऱ्या प्रमाण-फरशीशेजारी ठेवून तपासले. तिन्ही रंग स्वच्छ पांढरे. पिवळटपणाचं नाव नाही. घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं की बाबा, रंगात काही दोष नाही. बोलून गेल्यावर कळलं आपण काय बोललो. रंगात दोष नाही म्हणजे दोष कुठे? बाबा उठून आत गेले, आणि दुसऱ्या दिवशी लेखाचं वाचन चालू असताना एकदाही खाकरले नाहीत, दोनदाही नाहीत.

माझ्या डोक्यात काही केल्या उजेड पडत नव्हता. आणि लेख तर लिहायचा होता. विषय सुचेना, म्हणून घरातलाच घेतला, नीळ. बाबांना सदरा पांढराशुभ्र लागतो. हल्ली त्यांची तक्रार असायची की सुना कपडे नीट धूत नाहीत, सदरे पिवळे राहतात. शेवटी आपली नीळ ते आपणच घालायला लागले होते, आणि गेलं वर्षभर आभाळी रंगाचे सदरे घालून गावात फिरत होते. गाव हसायचं, आम्हीही हसायचो. त्यावरून मी गाडीत बसून लिहायला घेतलं की पांढऱ्या कपड्याला निळीची गरजच काय? तर कापड जुनं झालं की ते उजेडातला निळा भाग खातं आणि बाकीचा परत पाठवतं, म्हणून पिवळट दिसतं. निळीने तो हरवलेला निळा भरून काढायचा, एवढंच. पुढे लिहिलं, कापडच कशाला, जे जे जुनं होतं ते पिवळं पडतं. कागद पिवळा पडतो, प्लास्टिकची बादली पिवळी पडते, आपल्या डोळ्यातलं भिंगसुद्धा...

आणि माझं बोट तिथेच थांबलं. गाडी निडीहून सुटली होती. निळा सदरा आणि निळसर डोळे माझ्या मनात एकदम शेजारी येऊन बसले. रंग पिवळा नव्हता, सदरेही पिवळे नव्हते, बाबांच्या डोळ्यातलं भिंग पिवळं झालं होतं. ते रंग कालवताना समोरच्या पांढऱ्याशी ताडून बघतच नव्हते. त्यांना आठवत असलेल्या पांढऱ्याशी बघत होते, आणि तिथवर पोहोचायला निळा घालत राहत होते. मोतीबिंदू. रोहा शेवटचं स्टेशन आहे म्हणून बरं, नाहीतर मी त्या दिवशी थेट कुठे गेले असते कोण जाणे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, कळलं ते चांगलं झालं, पण त्यांना सांगणार कोण? डॉक्टरचं नाव काढलं की बाबा उसळायचे. त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा आखणीवाला होता, त्याने डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि पुढे त्याची रेघ थरथरायला लागली. ती वयाने थरथरली असेल, पण बाबांच्या मनात बसलं ते बसलं, डोळ्याला सुरी लागली की रेघ गेली. तोंडावर सांगायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. मी एरवी कोणालाही तोंडावर सुनावते, पण इथे माझीही पाचावर धारण बसली. मग ठरवलं, जे तोंडाने जमत नाही ते लिहून करू. तोच निळीचा लेख पुरा केला. लिहिलं की समजा, एका माणसाच्या घराच्या खिडकीला काच आहे आणि ती दर वर्षी इतकी थोडी पिवळी होते की त्याला पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं, बाहेरचं जगच पिवळं होत चाललंय. तो जगाला नीळ घालत सुटतो. आता काच बदलायला तर येते, पण त्यासाठी आधी त्याला कळायला हवं की मध्ये काच आहे. नाव नाही, गाव नाही, गणपतीचा उल्लेख नाही.

रविवारी जाऊबाईंनी तो वाचला. मी मुद्दाम तिथेच घासकामाला बसले होते, हात कुठेतरी गुंतलेले बरे म्हणून. काचेपर्यंत आल्यावर जाऊबाईंचा आवाज बारीक व्हायला लागला. काचपेपरांची खरखर थांबली. एकेक बाई बाबांच्या सदऱ्याकडे बघायला लागली, आणि मग घाईने दुसरीकडे. लेख संपला. बाबा पाठमोरे होते. म्हणाले, परत वाच. जाऊबाईंनी तो भाग परत वाचला. मग बाबा माझ्याकडे वळले.

“हे कोणावर लिवलंस गो?”

“कोणावर नाही, बाबा. सगळ्यांच्याच डोळ्यांचं असं होतं.”

“सगळ्यांचे सदरे निळे नाय.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही दाबायला फार त्रास झाला. बाबांनी काचेचा तुकडा घेतला. त्यावर एका बाजूला आपला कालवलेला पांढरा लावला, दुसऱ्या बाजूला बाटलीतला तसाच, आणि ती काच घेऊन ते घासकाम करणाऱ्या सगळ्यात जुन्या बाईसमोर गेले. तिला विचारलं, पांढरा कुठचा? ती बिचारी कधीची खाली बघत होती. शेवटी तिने बाटलीतल्या रंगाकडे बोट केलं. मग दुसरीने, मग तिसरीने. सगळ्यांना दिसत होतं, दोन वर्षं दिसत होतं. बाबांनी विचारलं, मग बोलल्या का नाही? तर ती जुनी बाई म्हणाली की तुम्ही केलंय म्हणजे तसंच पाहिजे असेल असं वाटलं आम्हांला. आणि ते खोटं नव्हतं. आमच्यात आखणीवाल्याला विचारायची पद्धतच नाही. मी एवढी विज्ञान सांगणारी, मीही निळसर डोळे बघितलेच होते की, आणि ही बाबांची नवी तऱ्हा असेल असं समजून गप्प बसले होते.

बाबांनी काच खिडकीत ठेवली. मग मला एकच विचारलं, रेघ राहील का? मी म्हटलं, बाबा, मला उजेडाचं कळतं, हाताचं नाही कळत. पण रेघ तुमच्या हातात आहे, डोळ्यात नाही, असं मला वाटतं. बाबा खाकरले, एकदा.

पनवेलच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काम थोडक्या वेळाचं, पण त्यानंतरची पथ्यं घरादाराला पुरली. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, आणि धुळीत जायचं नाही. गणपतीच्या कारखान्यात धूळ सोडून असतं काय! काळा चष्मा लावून बाबा पडवीत बसवलेले, आत कारखाना चालू, आणि ते बाहेरून ओरडून सूचना देणार. डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. पट्टी निघाल्यावर पहिल्या सकाळी मी थेंब घालायला वाकले, तर ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलणार.

“तुझे केस एवढे पांढरे कधी झाले गो?”

ते अंगणातल्या आभाळाकडे बघून म्हणाले, ह्याचा रंग एवढा निळा असतो हे विसरलोच होतो. मग त्यांनी आपले दोरीवरचे सदरे बघितले आणि जो हसण्याचा गडगडाट केला तो तिसऱ्या घरापर्यंत गेला. एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो, आणि प्रत्येक वस्तूची तपासणी करायची, असा नादच त्यांना लागला. भात या डोळ्याने पांढरा, त्या डोळ्याने तुपातला. घासकामाच्या बायका जेवणाच्या सुटीत पडवीत येऊन विचारायच्या, माझी साडी सांगा, माझ्या बांगड्या सांगा. बाबा रुबाबात दोन्ही डोळ्यांचे निकाल द्यायचे. मग एका दुपारी मला बोलावून म्हणाले, लिही, मी सांगतो. तो लेख त्यांनी सांगितला आणि मी लिहिला, त्यांच्याच बोलीत, एक शब्दही न बदलता. माझा कुठलाही लेख लोकांनी इतका वाचला नव्हता. आणि खाली त्या भल्या माणसाने पहिल्यांदाच वेगळं लिहिलं, की आईची अशीच तक्रार आहे, उद्याच डॉक्टरकडे नेतो. इतकी वर्षं मी उगाचच त्याच्यावर डाफरत होते, वाचत होता हो तो.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी रजा टाकली. बाबा अंघोळ करून, खरोखरीचा पांढरा सदरा घालून खिडकीशी बसले. पांढरा कालवला, त्यात निळ्याचा थेंब टाकला, एकच. मूर्तीची मान धरली, करंगळी टेकवली. श्वास रोखला. रेघ आली. एका दमात, पापणीच्या टोकापर्यंत, जशी नेहमी येते तशी. जाऊबाईंनी माझा दंड इतका जोरात धरला होता की वळ उठला. बाबांनी मूर्ती हातभर लांब धरून बघितली आणि म्हणाले, चहा टाका. शिमग्यानंतर व्यापारी आला, त्याने नमुने बघितले आणि शेजारच्या आळीचं नावही काढलं नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसरा डोळा बाकी होता आणि डॉक्टरांनी तारीख दिली होती. बाबा ती पुढे ढकलायला लागले. आधी सीझनचं निमित्त, मग पावसाचं. मी चिडले. एका संध्याकाळी कामावरून आले ती सरळ खिडकीशी गेले आणि सुनावायला सुरुवात केली, की आता भीती कसली, सगळं डोळ्यांनी बघितलंत ना. बाबांच्या पुढ्यात एक मूर्ती होती. शाडूची, मागच्या वर्षीची, न विकता माळ्यावर राहिलेली. डोळ्यांतलं पांढरं इतकं निळं की बघवत नव्हतं. जाऊबाईंनी ते डोळे पुसून नवे काढायचं म्हटलं होतं, त्याला बाबांनी नकार दिला होता. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. नवा डोळा हाताने झाकला आणि मूर्तीकडे बघितलं.

“ह्या डोळ्यानं बघितला की तो चुकलेला नाय गो. दोन वर्षांचे सगळे गणपती मी ह्याच डोळ्यानं केले. एवढ्यात हा डोळा नको करायला लावू.”

मी हात धुऊन चहा टाकायला गेले.

त्या वर्षी आमच्या घरी तोच गणपती बसला. मागच्या वर्षीची मूर्ती कशी बसवायची म्हणून जाऊबाई कुरकुरल्या, पण बाबांपुढे कोणाचं चाललं नाही. आळीतले लोक दर्शनाला आले, डोळ्यांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि मोदक खाऊन गेले. गौरींबरोबर विसर्जन होतं. तळ्याच्या काठी आरती झाली, माझा नवरा आणि दीर मूर्ती घेऊन पाण्यात उतरले. बाबा माझ्या शेजारी काठावर उभे होते. त्यांनी तळहाताने नवा डोळा झाकून घेतला आणि गणपती पाण्याखाली जाईपर्यंत जुन्या डोळ्याने बघत राहिले. मग हात खाली घेतला, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि मला म्हणाले, उद्या दवाखान्यात फोन कर, दुसरा पण करून टाकू.